ताक कळकतं, मग भजी का नाही?

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातलं जवळपास तसंच ठेवलंय. बसमध्ये आहात, इअरफोन घरी राहिलेत, तर वाचून काढा.)



आजची गोष्ट सुरू होते शिरपूरच्या एसटी स्टँडजवळ. पावसाळ्यातली संध्याकाळ. धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. मी आणि माझा मित्र, दोघांनी गाडीवरून मिरचीची भजी घेतली. कढईतून निघाली ती थेट वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. आपण सगळे खातो तशीच. तेलाने कागद इतका पारदर्शक झाला होता की मागच्या पानावरची जाहिरातही वाचता येत होती.

शेवटचं भजं उचललं आणि मी थांबलो. त्याच्या तळाला काळी अक्षरं उमटली होती, आरशात दिसावीत तशी उलटी. कापसाच्या भावाची बातमी होती. म्हणजे बातमीचा काही भाग माझ्या भज्यावर होता, आणि आधीच्या पाच भज्यांवरचा माझ्या पोटात.

मित्र म्हणाला, "काही व्हस नही भो, खाय!"

घरी येऊन हे आजीला सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. तिने उलट विचारलं, "पितळेच्या पातेल्यात ताक ठेवशील का रे?" मी म्हटलं, नाही. "का नाही?" म्हटलं, कळकतं. "मग?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

त्या "मग?"चं उत्तर शोधता शोधता हा सगळा भाग तयार झाला. भांडं अन्नात उतरतं हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मग कागद आणि प्लास्टिकही अन्नात उतरतं, हे मान्य करायला आपल्याला इतका उशीर का लागला?

कळकणं म्हणजे काय?

आधी हा शब्द बघू, कारण तुमच्यातल्या अनेकांनी तो ऐकलाच नसेल. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, कैरीची आमटी असं काही आंबट ठेवलं, तर आंबटपणा धातूला खातो. तांबं थोडं थोडं त्या पदार्थात उतरतं. चव बिघडते, तोंडाला कसनुसं होतं, कधी हिरवट रंग येतो. जास्त झालं तर मळमळ, उलट्या. याला मराठीत म्हणतात कळकणं. आज पॅकेजिंगवाले शास्त्रज्ञ ज्याला मायग्रेशन म्हणतात, म्हणजे वेष्टनातलं रसायन अन्नात उतरणं, त्यासाठी आपल्याकडे प्रयोगशाळा येण्याआधीच शब्द होता.

आणि नुसता शब्द नव्हता, उपायही होता: कल्हई. गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडं लालसर तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने झरझर पुसायचं. पिवळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. कथलाचा तो पातळ थर म्हणजे अन्न आणि पितळ यांच्यामधली भिंत. काही महिन्यांनी थर झिजला, की पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायची.

ही समज थेट देशाच्या कायद्यातही गेली. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १९५५ साली त्याचे नियम आले. त्या नियमांत स्पष्ट होतं: नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी, गंजलेली भांडी, टवके उडालेली एनॅमलची भांडी अन्न बनवायला किंवा ठेवायला चालणार नाहीत. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी लागेल. कल्हई कायद्यात आली १९५५ ला.

पानावरून रद्दीवर

आता भांड्याकडून पुडीकडे येऊ. घरात भांडी, पण बाजारातून आणायचं ते कशात?

आपला भाग सातपुड्याच्या पायथ्याचा. शिरपूरहून आग्रा रोडने मध्य प्रदेशाकडे निघालात की हद्दीच्या अलीकडे पळासनेर लागतं. नावातच पळस आहे! पळसाची पानं बारीक काड्यांनी टाचून केलेल्या पत्रावळी आणि द्रोण, यांवर खानदेशातल्या कितीतरी पंगती उठल्या. रावेर-यावलकडे केळीचं पान. भरीत पार्टीला शेतात अजूनही केळीच्या पानावर भरीत वाढतात. पान काही आकाशातून पडलेलं पवित्र नसतं. धूळ असते, नीट धुवावं लागतं. पण त्याच्यावर शाई नसते, आणि वापरून झालं की उकिरड्यावर त्याचं खत होतं.

मग आला छापील कागद. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतो. मी गमतीने म्हणतो, ७ जानेवारीला रद्दीचा इतिहास सुरू झाला! वर्तमानपत्र वाचून झालं की त्याची किंमत संपते, पण कागद शिल्लक राहतो. पुढे छपाई वाढली, पेपर घरोघरी पोचला, आणि रद्दी किलोवर विकली जाऊ लागली. किराणा दुकानदाराला फुकटात जमल्यासारखी पुडी मिळाली, भजीवाल्याला बशी मिळाली. बशी धुवायला पाणी लागतं, माणूस लागतो. कागद फेकून देता येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणजे रद्दी आली ती कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. ती स्वस्त होती आणि सोयीची होती.

आणि कागद "काहीच नसलेला" वाटायचा. इथेच घोटाळा झाला. पितळेचं वजन हाताला जाणवतं, कळकलेलं ताक जिभेला कळतं. कागदातून जे उतरतं त्याला बहुतेक वेळा चवही नसते, वासही नसतो.

शाई वाळतच नाही

आता थोडं विज्ञान, पण सोपं.

सकाळचा पेपर वाचल्यावर बोटं काळी होतात ना? त्याचं कारण असं, की नेहमीच्या वर्तमानपत्राची शाई रंगासारखी कडक वाळत नाही. ती काजळीची पूड आणि तेल यांचं मिश्रण असते. हे तेल बऱ्याचदा खनिज तेल असतं, म्हणजे पेट्रोलियमपासून आलेलं. छापल्यावर तेल कागदात मुरतं आणि काजळी वर राहते. म्हणजे ती शाई कागदाने फक्त शोषून धरलेली असते. रंगीत पानांवर आणखी वेगवेगळे रंग, आणि छपाई सुकर करायला टाकलेली इतर रसायनं.

आता त्या कागदावर गरम, तेलकट भजं ठेवा. तेलात तेल विरघळतं, हे साधं तत्त्व आहे. कागदाने शोषून धरलेलं सगळं गरम तेल सैल करतं. वेष्टनातून अन्नात किती उतरेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: अन्न किती गरम आहे, किती तेलकट किंवा आंबट आहे, आणि किती वेळ त्यात राहिलंय. म्हणून कागदातले भाजलेले फुटाणे आणि कागदातली गरम भजी यांत फरक आहे.

पण कोरड्या पदार्थालाही पूर्ण सूट नाही. साधारण २०१० च्या सुमाराला स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या सरकारी अन्न-प्रयोगशाळेत कोनी ग्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोक्यातलं कोरडं अन्न तपासलं. खोकी होती जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यापासून पुन्हा बनवलेल्या पुठ्ठ्याची. शाईतलं खनिज तेल त्या पुठ्ठ्यात टिकून होतं आणि हळूहळू वाफ होऊन आतल्या धान्यापर्यंत पोचत होतं. कागद धुतला गेला, लगदा झाला, नवा पुठ्ठा झाला, तरी जुन्या बातमीचं तेल सुटलं नव्हतं. युरोपातल्या काही कंपन्यांना त्यानंतर आपली खोकी बदलावी लागली.

त्याच्या आधीचा एक किस्सा तर आणखी विचित्र आहे. नोव्हेंबर २००५, इटली. लहान बाळांच्या दुधाच्या खोक्यांत शाईतलं एक रसायन सापडलं आणि सरकारने लाखो लिटर दूध जप्त केलं. गंमत म्हणजे शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती! मग आत कशी गेली? छापलेलं वेष्टन मोठ्या रिळावर गुंडाळतात, तेव्हा एका थराची बाहेरची बाजू पुढच्या थराच्या आतल्या बाजूला टेकते. आपल्या भज्यावर जशी उलटी अक्षरं आली, तसंच. नंतर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं, की सापडलेलं प्रमाण तातडीच्या काळजीचं नव्हतं. पण "छपाई बाहेर आहे म्हणजे आत सुरक्षित" हा समज त्या दिवशी संपला.

प्लास्टिकची पाळी

मग तुम्ही म्हणाल, कागद नको, प्लास्टिक घ्या. नेमकं हेच आपण केलं.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये एका फसलेल्या प्रयोगातून अपघाताने सापडलं. आपल्या बाजारात पिशवी आली आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो! गळत नाही, भिजत नाही, शाई नाही. शेवभाजीचा रस्सा पिशवीत, गरम चहा पिशवीत, वर रबर लावून गाठ. दुकानातून ऑफिसात चहाचं पार्सल असंच जातं.

पॉलिथिन स्वतः तसं शांत आहे. प्रश्न असतो त्यात मिसळलेल्या गोष्टींचा: रंग, मऊपणा आणणारी द्रव्यं, आणि पिशवी जुन्या प्लास्टिकची असेल तर त्या जुन्या प्लास्टिकने आधी काय काय भोगलंय त्याचा. कीटकनाशकाचा डबा, ऑईलचा कॅन, सगळं वितळून पुन्हा पिशवी. अशा प्लास्टिकची चटई झाली, बादली झाली तर बिघडत नाही. त्यात गरम वरण ओतलं तर बिघडतं. म्हणून कुठल्या जुन्या मालाची आहे हे सांगता न येणाऱ्या काळ्या, रंगीत, पातळ पिशव्यांत खाण्याची वस्तू घेऊ नये, असं सांगतात.

प्लास्टिकच्या बाबतीत सगळ्यात मोठा धडा दिला बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए या रसायनाने. १९३० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं होतं, की हे रसायन शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं काम करतं. म्हणजे ते आधी औषध म्हणून तपासलं गेलं! पुढे त्याचंच कडक, काचेसारखं प्लास्टिक झालं आणि त्याच्या बाळाच्या दुधाच्या बाटल्या झाल्या. बाटली उकळून घ्या असं आपण आईला सांगतो, आणि उष्णतेने ते जास्त सुटतं. युरोपने बाळांच्या बाटल्यांतून ते २०११ साली काढलं, अमेरिकेने २०१२ साली. भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात दूध पाजायच्या बाटल्यांत बीपीए नको असं सांगितलं. डॉड्सचा शोध आणि ही बंदी यांत सत्तर-ऐंशी वर्षांचं अंतर आहे.

मग महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, आणि २३ जूनपासून दंड: पहिल्यांदा ५,००० रुपये. तुम्हाला आठवत असेल, बाजारात काय धावपळ होती. पण ही बंदी होती नाल्यांसाठी, कचऱ्यासाठी. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरापासून पिशव्यांवर राग होताच. अन्नात काय उतरतं हा त्या बंदीचा मुद्दा नव्हता. त्यामुळे पिशवी लपली की हात पुन्हा रद्दीकडे जायचा, किंवा कागदी कपाकडे.

आता कागदी कप म्हणजे नुसता कागद नसतो, नाहीतर चहा गळला असता. आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. २०२० साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंशांचं गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं. १०० मिलिलिटर पाण्यात प्लास्टिकचे साधारण २५,००० सूक्ष्म कण सापडले. या कणांचं शरीरात पुढे काय होतं यावर अभ्यास चालू आहेत. पण "कागदी म्हणजे चांगलं" हे समीकरण तितकं सरळ नाही, एवढं नक्की.

बघा कसं झालं: पान गैरसोयीचं म्हणून रद्दी, रद्दी गळते म्हणून पिशवी, पिशवी बंद म्हणून कागदी कप. प्रत्येक नवं वेष्टन जुन्याचा त्रास संपवायला आलं, आणि प्रत्येक वेळी "यातून काय उतरतं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला गेला.

कायदा कधी आला?

आता ती तारीख आठवा. १९५५, कल्हई.

२००६ साली नवा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा झाला, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याखाली काम करते ती एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्नसुरक्षा संस्था. डिसेंबर २०१६ मध्ये या संस्थेने राज्यांना उद्देशून सूचना काढली, की वर्तमानपत्रात अन्न बांधणं थांबवा, यातून लोकांच्या पोटात हळूहळू विष जातंय. शब्द कडक होते, पण ती सूचना होती. मग २०१८ च्या डिसेंबरात पॅकेजिंगचे स्वतंत्र नियम आले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं: अन्न साठवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरायचं नाही. अन्नाच्या वेष्टनावर कुठली शाई चालेल त्याचं मानक आलं. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती उतरलेलं चालेल याची मर्यादा आली: किलोमागे ६० मिलिग्रॅम.

म्हणजे कल्हई कायद्यात १९५५ ला, रद्दी २०१८ ला. मध्ये ६३ वर्षं गेली. त्या वर्षांत शिरपूरच्या, धुळ्याच्या, जळगावच्या स्टँडवर किती पुड्या बांधल्या गेल्या असतील, विचार करा.

आणि नियम आला म्हणून रद्दी गेली का? सप्टेंबर २०२३ मध्ये एफएसएसएआयला पुन्हा तेच आवाहन करावं लागलं. यातच उत्तर आहे.

मग?

काही दिवसांनी मी पुन्हा त्या गाडीवर गेलो. भांडायला नाही, विचारायला. काका म्हणाले, "कोरा कागद महाग पडतो. आणि इतक्या वर्षांत तूच पहिला विचारतोय." दुसरं वाक्य मला जास्त लागलं. कल्हईची मागणी करणाऱ्या बायका घराघरांत होत्या, म्हणून कल्हईवाला गल्लीत येत होता. कायद्याने त्याला बोलावलं नव्हतं.

आता तुम्हाला घाबरवायचं नाहीये. एक पुडी खाऊन कुणी आजारी पडत नाही, आणि तुमच्या मोबाईलवर फिरणाऱ्या "हे खाल्लं की कॅन्सर" छापाच्या मेसेजवरही विश्वास ठेवू नका. प्रश्न थोडं थोडं, रोज, वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा आहे. आणि सगळ्यात जास्त तो लहान मुलांचा आहे, कारण त्यांचं वजन कमी, वाढ चालू आणि पुढे आयुष्य मोठं.

करायचं काय, तर फार काही नाही. गरम आणि तेलकट पदार्थ छापील कागदावर नको, एवढं म्हणा. कोरा कागद द्या म्हणा, नाहीतर बशी मागा. घरी भजी, वडे, पुऱ्या तळल्यावर तेल टिपायला पेपर पसरतो ना आपण? तो बंद करा, जाळीचं भांडं वापरा. चहाचं पार्सल पिशवीतून नको, थर्मास न्या. दुकानदाराला दोष देत बसू नका. त्याला गिऱ्हाईक म्हणून सांगा, आणि दोन रुपये जास्त पडले तर द्या.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे स्टीलचा डबा. कल्हईवाला आपल्या गल्लीतून का गेला माहितीये? स्टील आलं म्हणून. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर आपोआप तयार होतो. खरचटला तरी पुन्हा बनतो. म्हणजे स्टीलचं भांडं स्वतःची कल्हई स्वतःच करत राहतं! पितळेचा प्रश्न आपण असा सोडवला, तो विसरूनही गेलो, आणि मग बाहेर जाऊन गरम भजी कापसाच्या भावावर ठेवून खाऊ लागलो.

परवा पुन्हा शिरपूरला गेलो तेव्हा दप्तरात आजीचा जुना स्टीलचा डबा होता. काकांनी भजी थेट डब्यात टाकली, वर दोन तळलेल्या मिरच्या जास्त. मित्र हसत होता. मग म्हणाला, "पुढल्या टाइमले मोठा डबा आण भो, मना बी त्यातच टाक."

तुमच्या गावात भजी, वडा, जिलबी कशात बांधून मिळते? ऐकवा. घरातल्या मोठ्यांना "कळकणं" हा शब्द माहीत आहे का, तेही विचारून बघा. कदाचित एखादी चांगली गोष्ट निघेल. भेटू पुढच्या भागात. तोवर खात राहा, पण कशात खाताय ते बघून!